गांगवॉनमध्येही बाया आडव्या जात नसत

बाबा, मी गांगवॉनला जाऊन आले. कुठे आहे म्हणाल, तर दक्षिण कोरियाचा नकाशा समोर धरला की वर उजव्या हाताला, समुद्राच्या कडेने जो डोंगराळ भाग दिसतो तो प्रांत. माझी पोरगी, तुमची नात, तिथल्या विद्यापीठात संशोधन करते. तिने तिकीट काढून दिलं आणि मागच्या हिवाळ्यात मी महिनाभर तिच्याकडे राहिले. तुम्ही असतात तर काय पाहिलंस म्हणून विचारलं असतं, आणि थंडी फार होती एवढं सांगून मी आत चहा ठेवायला निघून गेले असते. तुम्ही नाही, म्हणून सगळं सांगते. रागाने सांगणार आहे, ते आधीच कळलेलं बरं.

जन्मभर तुमसरच्या शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे सवय जात नाही. प्रांताच्या मधून उत्तर-दक्षिण तेबेक पर्वताची रांग जाते. पश्चिमेकडे उतार हळूहळू उतरतो, पूर्वेकडे डोंगर संपला की लगेच समुद्र. धानाला जागा थोडी, दरीच्या तळाशी सपाटी असेल तेवढीच बांधी, बाकी सगळा मका, बटाटा आणि कुट्टू. म्हणून देशातले बाकीचे लोक यांना बटाटे म्हणून चिडवतात. आपल्याला नागपूरवाले झाडीतले म्हणून हिणवतात, त्यातलाच प्रकार. युद्ध झालं तेव्हा सीमा याच प्रांतातून ओढली गेली. अर्धा प्रांत तिकडच्या देशात, अर्धा इकडच्या, आणि नाव दोन्हीकडे तेच. समुद्राकाठच्या एका गावात उत्तरेतून पळून आलेल्यांची वस्ती आहे. चार दिवसांत घरी परत जाऊ म्हणून ते तिथे थांबले आणि तिथेच म्हातारे झाले. तिथे उभी राहून मी पोरीशी तुमच्याबद्दल बोलत होते, चांगलंच बोलत होते.

मग पोरगी मला दक्षिणेच्या कोळशाच्या गावांत घेऊन गेली. आजोबा खाणीत होते ना आई, म्हणाली, तुला आवडेल. युद्धानंतर त्या देशाची चूल याच डोंगरांतल्या कोळशावर पेटायची. ज्याला शेत नाही, धंदा नाही, कोणी उभं करत नाही, तो माणूस कुठल्याही प्रांतातून उठून इथे यायचा. पुढे तेल आलं, गॅस आला, खाणी एकामागून एक बंद पडल्या. एका गावात जुगाराचं मोठं हॉटेल उभं राहिलं, दुसऱ्यात संग्रहालय. त्या संग्रहालयात एका भिंतीवर खाणकामगारांचे शकुन-अपशकुन लिहिले आहेत. पोरगी मला वाचून दाखवत होती. खाणीत शीळ घालायची नाही. नवऱ्याच्या डब्यात भाताचे चार डाव वाढायचे नाहीत, तिकडे चार हा मरणाचा आकडा. दारातल्या जोड्यांची तोंडं घराकडे करून ठेवायची, म्हणजे माणूस परत येतो. आणि पाळीवर निघालेल्या माणसाला बाईने आडवं जायचं नाही. गेलीच, तर त्याने तिथूनच घरी परत फिरायचं. मागे एक जोडपं हसत हसत फोटो काढत होतं. मी बाकावर बसले. पोरीला वाटलं माझे गुडघे दुखताहेत.

निदान तिथले परत तरी फिरत होते, बाबा. तुम्ही परतही फिरला नाहीत.

मी सातवीत होते. तुम्ही आणि शेजारचे काका पहिल्या पाळीला निघाला होतात. तुमची मँगनीजची खाण चिखल्याच्या मोठ्या खाणीसारखी नव्हती, जंगलाच्या आत एका ठेकेदाराची होती, आता तिच्यात पाणी भरलं आहे. हापशीवर गर्दी व्हायच्या आत पोचायचं म्हणून मी पाण्याची रिकामी गुंडी घेऊन तुमच्या समोरून पळत गेले. तुम्ही थांबलात, माझ्याकडे पाहिलंत, थुंकलात आणि पुढे गेलात. दुपारी अवेळी भोंगा वाजला. छत खाली आलं होतं. काकांना बाहेर काढलं तेव्हा ते गेले होते. तुम्ही चालत घरी आलात, मँगनीजने काळे झालेले, आणि काकांची बायको, जिला मी मावशी म्हणत होते, तिच्यासमोर, खाणकामगारांच्या सगळ्या लायनीसमोर बोललात, "हे पोट्टी सकाळीच आडवी आली, रिकामी गुंडी घेऊन. तवाच मले वाटलं का आज काही खरं नाही."

एवढंच. मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, मार विसरता येतो.

आणि हे कोण बोललं? ज्या माणसाने घरातले देव पेटीत भरून नदीला नेले त्याचा मुलगा. पौर्णिमेला विहारात उभं राहून बायांना सांगणारा, की मांजर आडवी गेली म्हणून थांबू नका, आपण आता त्यातले राहिलो नाही. मांजरीला माफी होती, मला नव्हती. त्या दिवसानंतर तुमची पहिली पाळी असली की मला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायचा नियम झाला. तुम्ही खाणीपर्यंत पोचलात की आई कडी काढायची. डीएडला भंडाऱ्याला जाईपर्यंत मी ती खोली पाहिली. मावशीने मला तिच्या अंगणात पाय ठेवू दिला नाही. तिच्या मुलीच्या लग्नात, माझ्याच मैत्रिणीच्या लग्नात, मी मांडवाच्या बाहेर उभी राहून फुलं टाकली. तुम्ही आत वाढत होतात, सगळ्यांना आग्रह करत होतात.

खरं काय ते मला आईने सांगितलं, तुम्ही गेल्यावर. लाखोळीची डाळ निवडता निवडता सहज बोलून गेली. कामाला लागायच्या आधी लोखंडी सब्बल घेऊन छत ठोकायचं असतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं, घराच्या भिंतीवर वाजवून. ठण वाजलं तर दगड घट्ट, ढब वाजलं तर सुटलेला, तो आधी पाडून घ्यायचा. त्या दिवशी छत ठोकलंच नव्हतं. ठेकेदाराच्या साहेबाला घाई होती, चला चला म्हणाला, आणि काका थांबू पाहत होते तर तुम्हीच त्यांना म्हणालात की चाल ना बे, काही होत नाही. म्हणजे साहेबाला बोलायची तुमची छाती नव्हती, स्वतःला बोलायची तर त्याहून नव्हती. उरली कोण, तर सातवीतली पोरगी. धरलं चोर सोडून संन्याशाला. तरी मी तेव्हा गप्प बसले. मेलेल्या माणसाचं काय उकरायचं म्हटलं. विहारात तुमचा फोटो आहे, लोक हार घालतात, मावशीही घालते.

संग्रहालयातून निघालो आणि बाजारात एका म्हातारीच्या गाड्यावर बटाट्याची धिरडी खायला थांबलो. तव्याजवळ जरा ऊब होती. तिचा नवरा खाणीतच गेला होता. त्यानंतर तिला कोळसा निवडायच्या कामावर घेतलं, तिथे तशा विधवांनाच ते काम देत. मी पोरीकरवी तिला विचारलं, बाया खरंच आडव्या जात नव्हत्या का? म्हातारीने उलथनं खाली ठेवलं. ती जे बोलली ते पोरीने मला असं सांगितलं, की ही म्हणते, मी पाण्याला घरांच्या मागून, बर्फातून, लांबच्या वाटेने जायची, एक दिवस चुकले नाही. तरी तो गेला. मग लोक म्हणाले, तू स्वप्नात आडवी गेली असशील.

पोरगी हसली, म्हातारीपण हसली. मला हसू आलं नाही. मी तिथेच ठरवलं की आता मावशीला सांगायचं, तुमचा हार राहो का जावो.

मावशी आता सिहोऱ्याला मुलाकडे असते. परवा गेले. डोळ्यांनी कमी दिसतं, पण मला आवाजावरून ओळखलं. अंगणात मी आपणहून थांबले तर म्हणाली, आत ये. मी बसले आणि सगळं सांगून टाकलं, छत, साहेब, तुम्ही काकांना काय म्हणालात ते. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मले मालूम आहे बाई. तुह्या बापानंच सांगतलं, दवाखान्यात होता तवा. पाय धरले माहे. पण पोरीले सांगू नोको म्हणे, तिच्यासमोर मान खाली जाईन."

मी विचारलं, मग इतकी वर्षं मला बोलावलं काहून नाही? ती म्हणाली, "कोन्त्या तोंडानं बोलावू? तुले दारात उभी नाही केली मी."

म्हणजे मान खाली घालता येत होती, बाबा. मावशीसमोर घातलीत. पाय धरलेत. आणि त्याच दवाखान्यात त्याच दिवसांत मी रात्रंदिवस तुमच्या उशाशी बसले होते, तुमच्या छातीतला कफ पुसत होते, आणि तुम्ही मला सांगत होतात की पंखा जरा कमी कर. मी इतकी जवळ होते. एक वाक्य लागलं असतं, आणि माफी सुद्धा नको होती, 'पोरी, तुझा काही संबंध नव्हता', एवढं पुरलं असतं. ते तुम्ही दुसऱ्याला देऊन गेलात आणि वर तिच्याकडून वचन घेतलंत. आता मी कोणाशी भांडू?

हे कोणाला दाखवणार नाही, तुमच्या नातीलाही नाही. फक्त एक खरं लिहिते. मावशीने पाय धरल्याचं सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? दवाखान्यातली ती फरशी फार थंड होती, बाबांना खाली बसवलं कोणी, असं मी तिला विचारलं.