आंबट रक्त

मेडशी, ता. ११ डिसेंबर १९७७

चि. जानराव यास बाबाचा जयभीम. आम्ही दोघे बरे आहोत. तूर शेंगांवर आली आहे. तुझ्या आईचा खोकला कमी आहे.

पतियाळ्याच्या धावपटूंच्या शिबिरातून लिहिलेले तुझे पत्र मिळाले. फिरत्या पट्ट्यावर पळवतात, मध्येच थांबवून कानाच्या पाळीला टोचतात, रक्ताचा थेंब घेतात आणि पट्टा आणखी जोरात सोडतात. दमल्यावर रक्तात आम्ल किती चढते ते मोजतात म्हणे. दह्यात असते तसलेच आंबट, असे तू लिहिलेस. दुकानात कस्तुरचंदला वाचून दाखवले तर तो म्हणतो, "इंद्रभान, पोट्ट्याच्या रक्ताचं दही लावून राह्यले काय?" सगळे हसले. मला हसू आले नाही.

दूध प्यायला देतात ना? थंडीत कान बांधत जा.

दवाखान्यातल्या हेमला नर्सबाईला जाऊन विचारले. ती म्हणाली, "थेंबभर रक्तानं काय होते, बाबा? काहून भेता?" मी उठलो. तेवढ्यात तिने विचारले, "घरात कोनाले रक्ताचा आजार होता काय?"

जानराव, तुझा थोरला भाऊ रामराव गेला तेव्हा तू लहान होतास. त्याची हाडे दुखायची, डोळे पिवळे व्हायचे. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त पाहून सांगितले होते, की आतले कण विळ्यासारखे वाकडे आहेत. हे सांगितल्यावर हेमलाबाईने हातातले काम बाजूला ठेवले. "धाकट्याच्या अंगात अर्धा दोष असू शकते, बाबा. एरवी समजत नाही. पन जीव तोडून पळवलं तं जिवावर बेतू शकते."

घरी येऊन कागद काढला, पुन्हा ठेवून दिला. डॉक्टरांना कळले तर तुला परत धाडतील, धावण्यावर मिळणारी पोलिसातली जागाही जाईल, असे वाटत होते. लिहावे की नाही सुचेना. शेवटी तुझी आई चिडली. "कायचा इचार करून राह्यले? लिहा ना! पोट्टं घरी आलं तं येऊ द्या."

पुढच्या आठवड्यात दम संपेपर्यंत पळवणार आहेत म्हणतोस. पत्र त्याआधी पोचावे म्हणून मी स्वतः वाशीमला जाऊन टाकतो. मिळताच डॉक्टरांना दाखव. रामरावचे सगळे सांग, काही लपवू नको. त्यांनी तुझे रक्त तपासेपर्यंत पट्ट्यावर पाय ठेवू नको.

परत पाठवले तर लाजू नको. निघालास आणि स्टेशनावर गाडी सुटताना दिसली, तरी तिच्यामागे धावू नको. दुसरी येईल.

तुझी वाट पाहणारा बाप,
इंद्रभान