परत येण्याचा पुरावा

नेरे, मंगळवार, संध्याकाळ

आज अर्ज भरायचाच होता. लग्नाचा व्हिसा की पर्यटकाचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं. लग्नाच्या व्हिसाला समीरचं पत्र लागतं. ‘हिच्याशी मी लग्न करणार आहे, हिला बोलावतो आहे,’ इतकंच. दोन महिने ते मागते आहे. दुपारी जर्मनीहून त्याचा फोन आला. म्हणाला, “सध्या पर्यटक म्हणूनच ये ना. पुढचं बघू.”

सध्या. चार वर्षांनंतर सध्या.

पर्यटकाने आपण परत येणार याचा पुरावा द्यायचा असतो. आप्पांना मी तेवढंच सांगितलं. ते हातातला चहा तसाच ठेवून तलाठ्याकडे गेले आणि सातबारा घेऊन आले. त्यावर त्यांनी मागेच माझं नाव लावलंय.

“हे जोड. साहेबाला म्हनावं, जमीन हितं हाय, लेक जातीय कुटं?”

किती खूश होते.

परत येण्याचा कागद सही-शिक्क्यासकट मिळाला. बोलावण्याचा नाही. सध्या म्हणताना त्याचा आवाज किती सहज होता! आधीच ठरवलं होतं का त्याने?

प्रवासाच्या कारणापुढे ‘पर्यटन’ लिहिता येईना. अर्ज तसाच बंद केला.

बाहेरून आप्पांनी विचारलं, “झाला का गं भरून?”

“व्हय,” मी म्हणाले.