पाचवं पुस्तक

३ ऑक्टोबर, गुरुवार

गेलनचं नाव आलं. नव्या पाळकासाठी चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येकाने बिशपच्या कानात एका पुरुषाचं नाव सांगायचं होतं. त्यातून पाच पुरुष निघाले, एक माझा नवरा. रविवारी रबरबँड लावलेली पाच गीतपुस्तकं मांडतील, एकात चिठ्ठी. ज्याच्या हाती ती येईल तो पाळक — जन्मभर. पाळकाची बायको बाहेर नोकरी करत नाही. म्हणजे माझी दूध तपासण्याची लॅब संपली.

"तुला व्हायचंय?" मी विचारलं.

"प्रश्न तो नसतो, लोइस."

मग कोणता असतो?

५ ऑक्टोबर, शनिवार

सासूबाईंना स्वप्न पडलं. गेलन काळा कोट घालून उपदेशाला उभा होता. "मला तर दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं," म्हणाल्या.

दुपारी धाकटा दीर ड्वाइट आला. तो हल्ली शहरातल्या, हात वर करून गाणाऱ्या चर्चमध्ये जातो. "वहिनी, देवाने मला स्पष्ट सांगितलंय. गेलनने या चर्चमधून निघायचं."

"किती वाजता सांगितलं?"

"तू ना, देवालाही बाटलीत भरून लेबल लावशील."

लावेन. एकाच दुधाचे दोन निकाल आले की मी दुधाला दोष देत नाही. आधी बाटल्या बघते.

६ ऑक्टोबर, रविवार

चिठ्ठी निघालीच नाही.

पाचांपैकी लेस्टरने सकाळी माघार घेतली, म्हणून चारच पुस्तकं. चौघांनी उचलली. बिशपनी एकेकाचं रबर काढून पानं चाळली. गेलनचं तिसरं. रिकामं निघालं तेव्हा मी श्वास सोडला, मग त्याची लाज वाटली. चौथंही रिकामं. बिशपनी चारही पुन्हा चाळली. मागे एक बाळ अंगठा चोखत होतं, तेवढाच आवाज.

७ ऑक्टोबर, सोमवार

सासूबाई: मंडळीत पाप आहे, देवाने तोंड फिरवलं. ड्वाइट, फोनवर: देव या जुन्या पद्धतीला कंटाळला. गेलन: गोठ्यात गेला.

येत्या रविवारी पुन्हा चिठ्ठी.

९ ऑक्टोबर, बुधवार

बिशप एल्डन घरी आले. सासूबाईंनी ॲपल पाय वाढला. मी विचारलं, पाचातलं एक पुस्तक कमी कसं केलंत?

"गठ्ठ्यातलं वरचं उचललं. रबर काढलं, एका बाकावर परत ठेवलं."

"आत पाहिलं नाही?"

"डोकावणं म्हणजे देवाच्या कामात हात घालणं, पोरी."

"चिठ्ठी त्यातच असली तर?"

तोंडाकडे नेलेला त्यांचा काटा थांबला. "तर त्यानेच ती बाजूला ठेवली." मग हळूच, "किंवा मी."

त्या दोन शब्दांसाठी मला ते आवडले.

शनिवारी चर्च झाडायची पाळी आमची. शोधते म्हटलं.

"सापडली तर कुठे, तेही सांग," म्हणाले.

ते गेल्यावर गेलन म्हणाला, "सापडून काय सिद्ध होणार?"

माहीत नाही. म्हणूनच.

१२ ऑक्टोबर, शनिवार

एकशे बारा पुस्तकं. चिठ्ठी सापडली. बायकांची बाजू, तिसरा बाक, भिंतीकडची जागा. माझी.

गेल्या रविवारी तेच पुस्तक माझ्या मांडीवर होतं. उघडलं नव्हतं — गाणी पाठ होती.

बिशपनी 'कुठे' विचारलंय.