टेकडीवरची दिशा

धनंजयची पांढरी टोपी आत्ता समोरच्या नाल्याच्या काठाशी दिसते आहे. तो दिसतो आहे तोवर हे मृत्युपत्र लिहायला घेतो.

मी डोमाजी सीताराम भोयर, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त भूकरमापक, राहणार कारंजा (घाडगे). उजवा पाय घोट्यावर मोडला आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी सांगितलं म्हणून हे लिहीत नाही. सांगायला इथे कोणी नाही.

आज माझा मुलगा धनंजय याची परीक्षा होती. आमच्या डोंगरवाट मंडळाची मुलं यापुढे त्याच्या हाती द्यायची होती. तो मोबाइलवरचा बाण पाहून चालतो, म्हणून पायथ्यालाच मोबाइल काढून घेतला आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. नकाशा आणि होकायंत्र मी धरलं. दोन तास चाललो. पायवाट लागायला हवी होती, कडा लागला. मी घसरलो. मोबाइल माझ्याखाली फुटला.

एक. कारंज्याचं घर, समोरच्या दुकानगाळ्यासह, पुतण्या नीलेश, राहणार समुद्रपूर, याला. धनंजय आणि सून आचल यांनी तीन महिन्यांत घर सोडावं. आचलने लावलेलं लिंबाचं झाड घराबरोबर जाईल.

दोन. बँकेतली ठेव मंडळाला. नकाशे घ्यावेत.

तीन. गजेंद्रने बत्तीस वर्षं माझ्या हाताखाली मोजणीची साखळी ओढली. धाब्यावर तो माझी नक्कल करतो, मान ताठ करून. नक्कल हुबेहूब असते. त्याला काही नाही.

चार. होकायंत्र धनंजयला. ते त्याच्याकडेच आहे.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे कोर्टात वेळ जाणार नाही. मदत आणायला निघण्याआधी धनंजयने होकायंत्र दगडावर ठेवलं. मग माझ्या छातीशी आणलं. काटा फिरला. पुन्हा दगडावर, पुन्हा छातीशी. मोबाइलच्या कव्हरला लोहचुंबक आहे. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मोबाइल खिशात ठेऊन दिशा पाहून राह्यले होते तुमी."

नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी मला लोखंडी साखळी होकायंत्रापासून दहा पावलं लांब ठेवायला लावली होती. पुढे मी ते शेकडो जणांना शिकवलं.

मग त्याने समोरच्या दोन शिखरांच्या दिशा घेतल्या, नकाशावर दोन रेघा ओढल्या, त्या जिथे छेदल्या तिथे टिंब दिलं. म्हणाला, "तुमी इथं आहा. सकाळी येतो." हे मीच त्याला दहाव्या वर्षी शिकवलं होतं, हातावर छडी मारून. टिंब बरोबर होतं. मी ते चूक आहे म्हणालो. त्याने स्वेटर माझ्या अंगावर टाकला आणि गेला.

माझी पत्नी वच्छलाबाई म्हणायची, "तुमाले चुकलो म्हनता येत नाई." ती गेली, तेव्हा हे जाणणारं कोणी उरलं नव्हतं. आज पुन्हा एक झाला. नीलेशने माझी एकही चूक पाहिलेली नाही. घर त्याला.

टोपी दिसेनाशी झाली. तो योग्य दिशेने गेला आहे. कलम एक बदलत नाही.

पाच. तेरवी करू नये.

साक्षीदार दोन लागतात. उद्या जे येतील ते.

कारंज्याच्या उत्तरेचा डोंगर, १४ डिसेंबर २०२५, सूर्यास्ताआधी.
डोमाजी सीताराम भोयर

१५ डिसेंबर, सकाळ. हे मी गजेंद्र लिहितो. सात वाजता धनंजयने नकाशा पाहून आम्हा चौघांना थेट इथे आणलं. डोमाजी शुद्धीवर होते. पाणी पुढे केलं, घेतलं नाही. आधी वही दिली, धनंजयला आणि मला साक्षीदार म्हणून सह्या करायला सांगितलं. धनंजयने उभ्यानेच सगळं वाचलं. विचारलं, "बाबा, तारीख कालची टाकू का आजची?" ते म्हणाले, "आजची." त्याने सही केली, मग मी केली. मग त्यांनी पाणी घेतलं. सोबत आणलेल्या बाजेवर घालून त्यांना खाली आणलं. पुढे धनंजय होता.