मामाकडे गेलेली आई

मुरबाड,
२० जानेवारी २००४

प्रिय चंद्राताई,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. मी खुशाल आहे. स्वेटर घालते, वेळेवर जेवते, जीपच्या टपावर बसत नाही. झाले तुझे सगळे प्रश्न!

पण 'वेड्या पोरांची शाळा' असं जे लिहिलंस ना, ते आधी खोड. शाळा साध्याच आहेत आणि पोरंही. एखाद्याच्या मनात काही अडकून बसतं, ते शाळेतच त्याच्यासोबत बसून हळूहळू सोडवायचं, एवढीच माझी नोकरी. सिद्धगडाच्या पायथ्याच्या शाळेत मला खिचडीच्या तांदळाची खोली मिळालीय. छपरात एक काचेचं कौल आहे, त्यातून ऊन खाली येतं. मी परातीत भाताचं तूस भरून ठेवते. मुलं त्यात हात घालतात, काड्या, खडे, काय वाटेल ते मांडतात. मी काही विचारत नाही. तुसाची धूळ उन्हात तरंगत राहते, शेजारच्या वर्गातले पाढे कुठल्यातरी लांबच्या गावातून आल्यासारखे ऐकू येतात. थोड्या वेळाने आपण जाग्या आहोत की डुलकी लागलीय, हेही मला समजेनासं होतं. आणि याचा पगार मिळतो!

भाविक नावाचा दुसरीतला मुलगा आहे. त्याची आजी बाईजा पहिल्या दिवशी नारळ-उदबत्ती घेऊन आली. मला म्हणते, "बाय, तुमच्या अंगात कंच्या वारी येतं? त्या दिवशी आणतो नातवाला." आपल्या बाबांनी जन्मात भगताला दारात उभं केलं नाही आणि त्यांची लेक भगतीण ठरली. हस तू.

भात कापताना भाविकच्या आईला साप चावला. पोर शाळेतून घरी आलं तोवर सगळं आटोपलं होतं. त्याला सांगितलं, आय मामाकडं गेली, येल. इथे लहान पोरांना असंच सांगतात. पोर चार दिवस विचारतं आणि विसरतं, अशी समजूत. भाविकने विचारलंच नाही. त्याने बोलणंच सोडलं.

परातीत तो दर वेळी एकच मांडायचा. तुसाचा डोंगर, बोटाने ओढलेला ओढा, आणि ओढ्याकाठी एक लाकडी चमचा तुसाखाली लपवायचा. मग त्यावर हात ठेवून बसून राहायचा. मीही बसायचे. कधी वाटायचं, आम्ही दोघं खरंच त्या ओढ्याकाठी बसलोय, पाणी वाजतंय. गेल्या आठवड्यात आजी दाराशी टेकली होती, तेव्हा तो एकदम म्हणाला, "आय हितं हाय. मामाकडं नाय."

बाईजा धावत आत आली, त्याला पोटाशी धरलं. "व्हय रे बाबा, थितंच हाय. तुला कळत नाय आसं आमाला वाटलं." दोघं मोठ्यांदा रडली. मग ती त्याला खरोखरच ओढ्यावर घेऊन गेली, जिथे आईला जाळलं तिथे. दुसऱ्या दिवशी तो पाटीवरून शेजारच्या पोराशी कडाकडा भांडत होता. इतकं गोड भांडण मी कधी ऐकलं नव्हतं.

ताई, इतकं सगळं लिहिलं, पण तू जे विचारलंस त्याला मी बगल देतेय. रोज सकाळी मेघाच्या पोटात दुखतं, ती शाळेत जात नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. फोनवर मला बोलता येत नाही, ती तुला चिकटून उभी असते.

इंद्रजीतभावजी जाऊन पावसाळा सरला, आता थंडीही सरत आली. आपण तिला सांगितलंय, पप्पांची नागपूरला बदली झाली. तिच्यासाठी तू घरात मंगळसूत्र घालतेस आणि ऑफिसला निघालीस की जिन्यात काढून पर्समध्ये ठेवतेस. तुझी ती धडपड मला कळते. पण दिवाळीच्या सुट्टीत मेघाने मला काय विचारलं, ठाऊक आहे? "मावशी, नागपूरचं नाव काढलं की मम्मी आंघोळीला का जाते?"

नळ कितीही मोठा सोडलास तरी तुझं रडणं तिला ऐकू येतं गं. तिला सगळं ठाऊक आहे. तुला त्रास नको म्हणून ती गप्प बसलीय. आणि शाळेत जायचं म्हटलं की तिच्या पोटात कळ येते, कारण ती शाळेत असताना तूही नागपूरला गेलीस तर?

शनिवारी मी येतेय. सांगायचं तूच, मी शेजारी बसेन. पप्पा वारले, एवढंच म्हण. पुढचे शब्द सुचले नाहीत तरी चालेल. फक्त आंघोळीला जाऊ नकोस. तिथेच, तिला मांडीवर घेऊन रड.

तुझी आणि मेघाची,
संघरत्ना