टॉमसचा घास आणि आपली गाडी

डिंडोली, सुरत
पितृपक्ष, १९९७

तीर्थरूप रघुनाथनानांच्या पायांवर भिकनचा माथा.

तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला थांबला का? इकडे आम्ही मजेत. (म्हणजे नळाला पाणी एक दिवसाआड येतं, पण येतं.) सुरतेला गेलेलं घर गावाचं उरत नाही, म्हणून येत्या अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, एकामागे एक जोडून ओढतात त्या बारागाड्यांतून आमच्या घराची गाडी काढून टाकणार, हा तुम्हा पंचांचा निरोप पोचला. फार लागलं, नाना. जेवण गोड लागेना. पण त्यानंतर जे घडलं ते ऐका.

विलायतेहून वॉल्टर नावाचे म्हातारे साहेब आलेत. त्यांचं गाव आपल्याहून लहान, पण कोण जन्मलं, कोणाचं लग्न लागलं, कोण गेलं, सगळं तिथल्या चर्चच्या दप्तरात. त्यावरून साहेब गावाचा इतिहास लिहितात. त्यातला टॉमस नावाचा सुताराचा पोरगा तीनशे वर्षांपूर्वी सुरतेच्या वखारीत नोकरीला आला, पुढे त्याचा पत्ता नाही. त्याला शोधत साहेब इथवर! इंग्रजांच्या कबरस्तानातली झुडपं तोडायला माणूस हवा होता, तो मी (लूमच्या कारखान्याला सुटी होती), आणि दुभाषी माझी पोरगी, आपली हर्षदा. दगडावर नाव सापडलं तेव्हा साहेब तिथेच मटकन बसले. हे ऐकून हर्षदाची आई कलाबाई खीर-वडे घेऊन हजर. परमुलखात मेलेल्याला इतकी वर्षं कोणी घास ठेवला नाही, हे तिला बघवेना. (ख्रिस्ती माणसाला पान वाढतात का, हे विचारायची माझी छाती नव्हती.) कावळा काही शिवेना. “इच्छा काय राहनी तुमनी, बाबा?” कलाबाईनं दगडाला विचारलं. साहेबांनी टॉमसचं नाव गावच्या इतिहासात घालायचं वचन दिलं. तरी नाही. शेवटी साहेबांनी खिशातलं बिस्कीट ठेवलं, आणि कावळ्यानं झडपच घातली! साहेब रडले. कलाबाईही रडली, पण तिचं दुःख खिरीचं होतं.

मग साहेबांनी हर्षदाला तुमच्या-माझ्या गावाविषयी विचारलं. पोरीला पणजोबांचं नावसुद्धा सांगता येईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून ठरवलं, येत्या आखाजीला तिला घेऊन यायचंच.

तुमचा,
भिकन

ता. क. टॉमसला त्याच्या गावानं अजून वजा केलेलं नाही. मी तर चालता-बोलता आहे. आमची गाडी राहू द्या, नाना.

ता. क. पुन्हा : साहेबही येताहेत. आता आपल्या गावाचा इतिहास लिहिणार म्हणतात. तुमच्या ओसरीवर खाट आहे, असं कलाबाईनं परस्पर सांगून टाकलंय. गाडी काढायचं ज्या पंचांनी ठरवलं, त्यांची नावं साहेबांना छापायला हवीत. पहिलं तुमचं दिलंय. खोडायचं असेल तर लवकर कळवा.