लाल दोऱ्याची गाठ

वळसंग,
११ फेब्रुवारी २०२६

प्रिय मल्हारदादा,
नमस्कार.

थांबणं आणि टाळणं यातला फरक ओळखायचा कसा? मला अजून जमलेलं नाही. फोनवर विचारलं असतं, पण तू लगेच "आईला दे" म्हणतोस, आणि आई माझ्या शेजारीच असते.

घरी तसं ठीक. शेळी व्याली, दोन्ही पिल्लं पाटीच, बोकड नाही. आबांची कंबर अजून दुखतेच.

आता कार्डाचं. चादरीतले दोष कॅमेऱ्यानं शोधायला आमच्या कारखान्याच्या मालकांना ग्राफिक्स कार्डाचा कॉम्प्युटर हवाय, हे तुला माहीत आहे. दिवाळीत तू म्हणालास, "जमत असेल तर थांब. कार्ड ज्या खाचेत बसतं तो स्लॉट नव्या पिढीचा येतोय, वेग दुप्पट." ते मी चनमल्लप्पा मालकांना सांगितलं आणि तेव्हापासून सांगतच राहिले. परवा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "काय सिद्धेश्वरी, तुझ्या त्या खाचेला मुहूर्त लागंना व्हय? कार्ड बसवायचं हाय का वरात काढायची?" सगळे हसले. मीही हसले.

दादा, आपल्याला नव्या स्लॉटची गरजच नाही. एका टेबलावरून सरकणाऱ्या चादरींचे फोटो आजच्या स्लॉटमधून आरामात जातात. कार्डाची मेमरी पुरेशी असली की झालं. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तरी तीन महिने मी तुझंच वाक्य पुढं करत होते.

तपासणीच्या टेबलावर प्रत्येक बाईच्या दोऱ्याचा रंग ठरलेला असतो. चादर बघून झाली की कोपऱ्यात आपल्या रंगाची गाठ मारायची, म्हणजे कुणी पास केली ते कळतं. आईचा दोरा हिरवा, बाळाबाईमावशीचा लाल. दिवाळीनंतर एक गठ्ठा परत आला. चादरींच्या पट्ट्यांचा रंग मध्येच बदललेला, आणि कोपऱ्यात लाल गाठी. मालकांनी मावशीला त्याच दिवशी घरी बसवलं. "म्या न्हाय ओ पास केल्या," ती म्हणत राहिली. मालक म्हणाले, "मग दोऱ्याला काय पाय फुटले?"

आता ती दारात विड्या वळत बसते. माझी एसटी तिच्या घरावरूनच जाते. तेवढ्यापुरती मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघते.

मशीनला शिकवायला त्या परत आलेल्या चादरींचे फोटो मीच काढले होते. लॅपटॉपवर मोठे करून बघताना एक कोपरा दिसला. गाठीला दोन फेरे, आणि शेपूट आत खोवलेलं. आबा करडाच्या गळ्यात घुंगरू बांधतात ना, ती गाठ. त्या टेबलावर ती एकाच बाईला येते.

आईला नीट दिसत नाही, दादा. वर्ष तरी झालं असेल. ती चादरीवर नुसता हात फिरवते. सुटलेला धागा बोटाला लागतो, रंग लागत नाही. दोराही तिनं चुकून मावशीच्या रिळाचा घेतला. कॉम्प्युटर आला की मालक शेजारी बसून एकेक फोटो बघणार होते, आणि आईच्या हिरव्या गाठींचे फोटोही त्यातच आहेत. दोन्ही गाठी एकाच हाताच्या, हे त्यांना लगेच दिसलं असतं. म्हणून मला तुझा नवा स्लॉट हवा होता.

रविवारी आईला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात थांबले. "मला दोनी रिळं सारकीच दिसत्यात गं," म्हणाली. मग निवडलेली ज्वारी डब्यात ओतत, "आत्ता बोलू नगंस. डोळ्याचं आपरेशन होऊ दे. मग मीच जाते बाळाबाईच्या घरी."

"कधी?"

"जरा थांब की."

अगदी माझ्यासारखीच बोलली.

काल सकाळी मी लॅपटॉप उघडून मालकांच्या टेबलावर ठेवला. लाल गाठ, शेजारी हिरवी गाठ. स्लॉटचं कारण खोटं होतं, तेही सांगितलं. त्यांनी दोन्ही फोटो मोठे करून बघितले.

"आईचं नाव घेतीयास. कळतंय का?"

"व्हय."

"आन तीन महिने गप बसलीस, ते न्यारंच."

मावशी सोमवारपासून कामावर. आईचं काम बंद. माझं ते अजून ठरवतायत. कामावर यायचा निरोप घेऊन मीच मावशीकडं गेले. तिनं मांडीवरचं विड्यांचं सूप खाली ठेवलं नाही, बस म्हणाली नाही. "शिकलेली हायस. तुला लगेच कळलं आसंल की," एवढंच बोलली. घरातली पहिली पदवीधर म्हणून तू माझा फोटो पुण्याच्या तुझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात लावलायस. तो तेवढा काढून ठेव.

आजच्या स्लॉटच्याच कॉम्प्युटरची मागणी मालकांच्या सहीनिशी कालच गेली. मशीनला शिकवायला माझ्या जागी दुसरं कुणी आलं तरी फोटो सगळे नीट लावून ठेवलेत, कोपऱ्यांसकट.

आई कालपासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि चुलीकडं तोंड करून बसते. तिचं ऑपरेशन २३ तारखेला आहे. तू ये. तू आलास तर निदान तुझ्याशी बोलेल.

सोबत त्या चादरीचा एक कोपरा कापून पाठवतेय. डोळे मिटून हात फिरवून बघ. गाठ कुणाची, ते तुला सांगावं लागणार नाही.

तू शिकवलेली, आणि तरी तीन महिने उशीर केलेली,
सिद्धेश्वरी